पुण्यातला गणवेश : टोपीपासून ओढणीपर्यंत

शाळेच्या गणवेशाचा वाद निघाला की आपल्याकडे तो उडुपीपासून सुरू होतो. २०२२ च्या सुरुवातीला कर्नाटकात मुलींना कॉलेजच्या फाटकावर अडवलं गेलं, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले, आणि तेव्हापासून 'गणवेश' हा शब्द निघाला की समोरच्याच्या मनात 'हिजाब' येतो. मी पुण्यात उर्दू आणि मराठी शिकवते. दरवर्षी जून महिन्यात गणवेशाचे चार-पाच तरी तंटे माझ्यासमोर येतात. त्यातले बहुतेक पैशाचे असतात, एखादाच ओढणीचा असतो. बाहेर चर्चा होते ती त्या एकाचीच. म्हणून मला हा विषय उडुपीपासून नाही, पुण्यापासून सांगायचा आहे. आणि थोडा मागून, शाळेत गणवेश नावाची गोष्टच नव्हती तिथून.

पुण्यातल्या जुन्या शाळांचे ग्रुप फोटो आपण पाहिले असतील. शताब्दीच्या स्मरणिकांमध्ये ते हमखास असतात. मुलं रांगेत बसलेली, मध्ये खुर्च्यांवर मास्तर. कोणाचं धोतर, कोणाचा लेंगा, कोणाला कोट आहे, कोणाला नाही, कितीतरी पाय अनवाणी. कपडे ज्याच्या त्याच्या घरचे. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी दिसते : डोकं झाकलेलं. पगडी, पागोटं, रुमाल, काळी टोपी, काही ना काही डोक्यावर आहेच. त्या काळात उघड्या डोक्याने गुरुजींसमोर जाणं म्हणजे बेअदबी. बोडकं डोकं सुतकाचं लक्षण. मुलगा टोपीशिवाय शाळेत आला तर तो गबाळा ठरायचा, बोलणी खायचा.

याच शहरात आज डोकं झाकलेलं असणं ही बेशिस्त मानणारे लोक आहेत. त्यांना मी वाईट म्हणत नाही. एवढंच म्हणते की तेव्हाच्या मास्तरांनाही तितकीच खात्री होती की शिस्त म्हणजे हीच. मधल्या काळात काही नीतीचा नवा सिद्धांत सापडला नाही. विसाव्या शतकात तरुण पोरांनी टोपी सोडली, हळूहळू सगळ्यांनी सोडली, आणि जे बहुतेकांनी सोडलं ते सोडणं हाच नियम झाला.

पुण्यात कपड्याला नेहमीच अर्थ होता. २ मार्च १८८८ ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ इथे मेजवानी झाली. हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेली. भारी पोशाखातल्या त्या मंडळींत महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि भाषणात त्यांनी शेतकऱ्याची हलाखी मांडली. राणीच्या मुलासमोर कोणता पोशाख घालायचा याचा शिष्टाचार त्यांना ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? कपडा हेच त्यांचं अर्धं भाषण होतं.

आणि त्याच्या चाळीस वर्षं आधी, १८४८ मध्ये, भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हाची सावित्रीबाईंच्या लुगड्याची गोष्ट तर दुसरीतल्या पोरीलाही माहीत आहे. रस्त्यात लोक शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या शाळेत बदलायला दुसरं लुगडं सोबत नेत असत असं सांगतात. शाळेच्या दाराशी बाईच्या कपड्यावरून झालेली पुण्यातली पहिली लढाई तीच म्हणायची. मध्यंतरी फातिमाबी शेख होत्या की नव्हत्या यावरही वाद रंगला. मला त्या वादात फार रस नाही. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीबाईंनी फातिमाचं नाव लिहिलं आहे, तिच्यावर पडलेल्या कामाची काळजी केली आहे. मी आजारपणाची रजा घेते तेव्हा माझ्या वर्गाचा भार उचलणाऱ्या सहकारी टीचरबद्दल मला नेमकं हेच वाटतं. दोन शिक्षिकांमधलं ते नातं मला ओळखू येतं.

हुजूरपागा १८८४ ची. रानडे, भांडारकर, मोडक ही मंडळी तिच्या मागे होती, वेडरबर्न साहेबांची मदत होती. टिळकांच्या पत्रांनी विरोध केला. त्या विरोधात एक मुद्दा शाळेच्या वेळेचा होता. मुलींनी अकरा ते पाच शाळेत बसावं हे घरकामाच्या दृष्टीने बरोबर नाही, असा. आज हे वाचून हसू येतं. पण मुद्द्याची ठेवण ओळखा. शिकू नका असं थेट कोणी म्हणत नाही. वेळ, विषय, बसण्याची पद्धत, कपडा यांपैकी कशावर तरी बोट ठेवायचं, की शिक्षणाला विरोध केला असं दिसतही नाही.

टोपीची गोष्ट अजून संपलेली नाही. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि साधी गांधी टोपी सरकारला खुपू लागली. त्या टोपीवर बंदी आली. खादीचा एक पांढरा तुकडा, त्याने ना कोणाचं डोकं फुटत होतं ना कायदा मोडत होता, पण तो काय सांगतोय हे सरकारला कळत होतं. त्या सोलापूरच्या लढ्यातल्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला आपल्या येरवड्यात फाशी दिली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे नाव मुद्दाम पाठ करायला लावते, कारण पाठ्यपुस्तकात ते एका ओळीत येतं आणि निघून जातं.

मग गणवेश आला कुठून? त्याचं मूळ घराणं विलायतेचं, आणि गरिबाचं. लंडनमध्ये १५५२ साली ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली, अनाथ आणि गरीब मुलांसाठी. त्या मुलांना निळा लांब अंगरखा देत. बघणाऱ्याला कळावं की हे मूल धर्मादायावर शिकतंय. म्हणजे गणवेश ही आधी खैरातीची खूण होती. पुढे श्रीमंतांच्या शाळांनी आपापले कोट-टाय काढले आणि तीच गोष्ट प्रतिष्ठेची झाली. आपल्याकडे मिशनच्या आणि इंग्रजी शाळांतून ती आली, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी, निमसरकारी शाळांत पसरली. पसरताना तिने एक नवा आणि खरोखर चांगला अर्थ घेतला : वर्गात बसल्यावर कोणाचा बाप कोण हे कपड्यावरून कळू नये.

हा अर्थ मला मनापासून मान्य आहे. कॅम्पात, आमच्या गल्लीत ऐंशीच्या दशकात एक दर्जीचाचा होते, मे महिन्यात त्यांच्या मशीनवर फक्त शाळेचं काम असायचं. निळा पिनो, पांढरा ब्लाउज, खाकी हाफ पँट. एकाच तागातून वकिलाच्या मुलीचा आणि हमालाच्या मुलीचा पिनो निघायचा. हेम मात्र चार बोटं जास्त सोडा, असं अम्मी बजावून सांगायची, म्हणजे दोन वर्षं उसवून चालवता येईल. तिसऱ्या वर्षी तो धाकट्या बहिणीकडे जायचा. ईदचे कपडे सगळ्यांचे वेगळे, शाळेचा ड्रेस सगळ्यांचा एक. मला त्यात कधी काही जाचक वाटलं नाही.

सातवी-आठवीत पिनो जाऊन सलवार-कमीज आला आणि त्याच्यासोबत पांढरी ओढणी. घड्या घालून दोन्ही खांद्यांवर पिना लावायच्या, वर कमरेचा पट्टा. वर्गातल्या सगळ्या मुलींना तीच ओढणी, आशालाही आणि शबानालाही. आमच्यातल्या काही जणी घरापासून फाटकापर्यंत ती डोक्यावर घ्यायच्या, फाटकाच्या आत खांद्यावर. एकदोघी वर्गातही डोक्यावरच ठेवायच्या. बाई काही म्हणत नसत. त्याबद्दल कुठे काही लिहिलेलंच नव्हतं. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू विसरतात ते हेच, की मुलीच्या गणवेशात डोकं झाकायचं कापड आधीपासून आहे. शाळेनेच ते दिलं आहे. भांडण चाललंय ते दीड वीत वर की खाली एवढ्यावर.

पुण्यात गणवेशाच्या नियमावरून सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो २०१८ च्या जुलैमध्ये, आणि त्यात हिजाब कुठेच नव्हता. एमआयटी विश्वशांती गुरुकुल शाळेच्या डायरीत नियम छापून आले : मुलींनी आतले कपडे कोणत्या रंगाचे घालावेत, स्कर्टची लांबी किती असावी, इथपर्यंत. पालकांनी त्यावर सही करून द्यायची होती. पालक चिडले, शिक्षण खात्याच्या दारात गेले. शाळेचं म्हणणं होतं की हेतू मुलींच्या सुरक्षिततेचा आहे. शिक्षणमंत्री विनोद तावडे यांनी चौकशीचे आदेश दिले आणि नियम मागे घेतले गेले.

तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी जे लिहिलं ते मी आजही लोकांना आठवून देते. मुलीच्या अंगावरच्या कपड्यात शाळेने किती नाक खुपसावं? नियम करण्याआधी पालकांना विचारलं का? मुलीला याची लाज वाटेल हे लक्षात आलं नाही का? प्रश्न तिन्ही रास्त. हेच तीन प्रश्न चार वर्षांनी उडुपीच्या मुलींबद्दल विचारले तर तेच वाचक म्हणाले, 'नियम म्हणजे नियम.' मला दुखतं ते या ठिकाणी. तत्त्व आपल्या घरच्या मुलीसाठी वेगळं आणि शेजारच्या मुलीसाठी वेगळं कसं असेल?

आता पैशाचं सांगते, कारण तंटे त्याचेच जास्त. सर्व शिक्षा अभियानापासून पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांना सरकारी गणवेश मिळत आला. अलीकडे दोन जोडांचे मिळून ६०० रुपये. यात बसत नव्हता तो कोण? ज्याच्या बापाकडे पिवळं कार्ड नाही, जातीचा दाखला नाही, पण खिशात पैसेही नाहीत असा मुलगा. रिक्षावाल्याचा, गॅरेजवाल्याचा, केळीच्या गाडीवाल्याचा. आमच्या मोहल्ल्यात असे घरटी सापडतील, आणि आमच्याच का, पेठांमधल्या मराठा-ब्राह्मण गरिबांचीही तीच गत होती. एकाच बाकावर बहिणीला सरकारी ड्रेस, भावाला नाही. समतेसाठी आलेल्या कपड्याने वर्गात नवी रेघ ओढली. २०२३ मध्ये राज्याने सगळ्याच मुलग्यांना त्यात घेतलं, हे चांगलं झालं.

पण त्याच वर्षी 'एक राज्य, एक गणवेश' आलं. दीपक केसरकर शिक्षणमंत्री होते. राज्यभर एकच रंग, कापड वरून येणार, शिलाई महिला बचत गटांकडून. २०२४ च्या जूनमध्ये शाळा उघडल्या, आणि पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनालाही कितीतरी शाळांत मुलं जुन्याच कपड्यात उभी होती. जिथे आले तिथे मापं चुकलेली, कुठे बाह्या नुसत्या कापलेल्या. पुण्यातला दर्जी पुण्यातल्या पोराचं माप घेतो आणि मंत्रालय महाराष्ट्राचं माप घेतं, यातला फरक कोणीतरी शिवणकाम येणाऱ्या बाईला आधी विचारायला हवा होता. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो निर्णय मागे घेऊन अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. समितीचं महत्त्व मी शेवटी सांगते, तोवर लक्षात असू द्या.

ओढणीच्या भांडणाकडे येते. मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न उडुपीच्या वीस वर्षं आधीच आला होता. मुंबईतल्या एका शाळेने मुलीला स्कार्फ बांधायला मनाई केली, आणि न्यायालय म्हणालं की ती फक्त मुलींमध्ये शिकते, तिथे डोकं न झाकल्याने धर्म मोडत नाही. पुढे १५ मार्च २०२२ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही असं ठरवलं. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हेमंत गुप्ता आणि सुधांशु धुलिया यांची मतं फुटली. गुप्तांनी बंदी योग्य ठरवली, धुलियांनी नाही. मला धुलियांच्या निकालातलं एक आवडलं : त्यांनी अत्यावश्यक प्रथेची ती चर्चाच बाजूला ठेवली. प्रश्न मुलीच्या निवडीचा आहे आणि तिच्या शिक्षणाचा आहे, आपण तिचं आयुष्य सुधारतोय का, हे त्यांनी पाहिलं. कोर्टात वकिलाने आयत वाचायची, समोरच्याने तफसीर सांगायची, न्यायाधीशांनी त्यावर फतवा दिल्यासारखा निकाल द्यायचा, हे मला, एक श्रद्धाळू बाई म्हणून, फार विचित्र वाटतं. माझ्या नमाजीच्या रकातींचा हिशेब मी कोर्टात मागत नाही, मग ओढणीचा का मागावा?

२०२४ मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, स्टोल, बिल्ला या सगळ्यांवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. २६ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली : नियम सगळ्यांना सारखा आहे, कोणाचा धर्म दिसू नये हा त्यामागचा हेतू. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बिल्ल्यावरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली आणि न्यायमूर्तींनी विचारलं की नावावरून धर्म कळत नाही का, टिळा-टिकलीवर बंदी घालणार का? वर्गात बुरखा मात्र त्यांनीही चालू दिला नाही. मला हा निवाडा, तात्पुरता असला तरी, शहाणपणाचा वाटतो. तो का, हे सांगायला मला माझ्या वर्गात जावं लागेल.

उर्दू बोलणाऱ्या पोरांना मराठी शिकवताना सगळ्यात चिवट अक्षर 'ळ'. पहिले सहा महिने बाळ हे 'बाल' असतं, शाळा ही 'शाला' असते आणि केळं हे 'केला'. जीभ मागे वळवून टाळूला लावायची असते, आणि ते तोंडाकडे बघितल्याशिवाय शिकवता येत नाही. चहातला च आणि चारमधला च वेगळे, हेही ओठ-दात बघूनच कळतं. म्हणून मी मोठ्या मुलींनाही पहिल्याच दिवशी सांगते : माझ्या तासाला चेहरा उघडा पाहिजे, डोक्यावरची ओढणी तुमची तुम्ही बघा. आजवर एकाही मुलीने किंवा तिच्या आईने त्यावर वाद घातलेला नाही. शिकवण्याच्या कामातून आलेला नियम मुलींना लगेच कळतो. कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी केलेला नियमही त्यांना तितक्याच लगेच कळतो, फक्त तो त्या बोलून दाखवत नाहीत.

आता आपल्या घरातलं. काही मुस्लिम संस्थांच्या शाळांत पहिलीतल्या, पाच-सहा वर्षांच्या पोरींना स्कार्फ सक्तीचा असतो. उन्हाळ्यात ती लेकरं घामाने भिजलेली असतात, मैदानात धावताना तो डोळ्यांवर येतो. डोक्यावर घ्यायचा हक्क हवा म्हणून कोर्टात जायचं आणि न घ्यायचा हक्क आपल्याच शाळेत द्यायचा नाही, हे दुटप्पी आहे, आणि ते आपण मोठ्याने म्हणायला हवं. हे काही नवं नाही. पुण्यातच २२ मार्च १९७० ला हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही, त्यांच्या भाषेतला कडवटपणा मला अनेकदा टोचतो, पण बाईच्या कपड्यावर तिला सोडून बाकी सगळे बोलतात हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

त्यांच्याही आधीची एक बाई मला जास्त जवळची वाटते, अतिया फैजी. तय्यबजी-फैजी कुटुंबातली, बहीण नाझली जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. १९०६ मध्ये अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली, कशासाठी? शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला. आजच्या भाषेत बीएड करायला! चेहऱ्यावर पडदा नाही, आणि अंगावर तिथल्या बायकांचा गाऊनही नाही, आपला देशी पोशाख. तिला त्या कॉलेजच्या दारात कोणी म्हणालं नाही की आधी कपडे बदलून ये.

बाहेरच्या जगातली दोनच उदाहरणं देते. इंग्लंडमध्ये लुटन गावात डेनबी हायस्कूल आहे, बहुसंख्य मुलं मुस्लिम घरांतली. शाळेने गणवेश ठरवताना पालकांना आणि मशिदींना विचारलं, आणि स्कर्टला पर्याय म्हणून सलवार-कमीज आणि शाळेच्या रंगाचा स्कार्फ मान्य केला. एका मुलीला पायघोळ जिलबाबच हवा होता. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये शाळा जिंकली. आपल्याकडचे बंदीवाले हा निकाल दाखवतात, पण शाळा जिंकली ती स्कार्फ असलेल्या गणवेशानिशी, हे सांगत नाहीत. दुसरं फ्रान्स. तिथे २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत स्कार्फ बंद झाला, २०२३ मध्ये अबायाही. गंमत अशी की त्या शाळांत सक्तीचा गणवेशच नव्हता. बाकीच्या मुलामुलींनी जीन घाला, स्कर्ट घाला, काहीही घाला. म्हणजे स्कार्फबंदीला गणवेशाची गरज लागत नाही, आणि गणवेशाला स्कार्फबंदीची. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आपल्याकडे त्यांची गाठ मारून दिली गेली आहे.

पुण्याला तर या विषयावर बोलायचा नैतिक अधिकारच कमी! स्कूटीवर डोकं, नाक, तोंड ओढणीने घट्ट गुंडाळून, हातमोजे चढवून जाणाऱ्या मुली हे या शहराचं चित्र आहे. फक्त डोळे दिसतात. टिळक रोडच्या सिग्नलला उभ्या दहा मुलींत मुसलमान कोणती हे ओळखून दाखवा. कारण ऊन आणि धूर असलं की तो कपडा शहाणपणाचा, श्रद्धा असलं की मागासलेपणाचा.

२०२५ च्या जानेवारीत मंत्री नितेश राणे यांनी शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून मागणी केली की दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रात बुरख्याला परवानगी नको, कॉपी होते. मी परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभी राहिले आहे. ओळख पटवायला हॉल तिकीट आणि बाजूच्या खोलीत एक बाई, एवढं पुरतं, मुलगी मिनिटभरात वर्गात बसते. कॉपीच्या चिठ्ठ्या मी मोज्यात पाहिल्या, कंपासपेटीत पाहिल्या, पॅडच्या मागे पाहिल्या. मोज्यांवर बंदीचं पत्र काही अजून कोणी लिहिलेलं नाही.

माझ्या हातून दहावी झालेली एक मुलगी होती, मराठीत सत्तरच्या पुढे गुण, 'ळ' तर असा स्वच्छ की सदाशिव पेठेत खपून जावी. अकरावी कॉमर्सला प्रवेश मिळाला. तिथे कॉलेजच्या फाटकावर रोज नकाब काढायला सांगत, ती काढत होती. मग ओढणीही डोक्यावर नको म्हणाले. प्रवेश घेताना दिलेल्या कागदात हे नव्हतं, वर्ष सुरू झाल्यावर सूचना लागली. ती दोन आठवडे गेली, मग अब्बा म्हणाले राहू दे. बारावीला तिने १७ नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे घरी बसून बाहेरून परीक्षा. कागदावर ती शिकलीच. पण वाचनालय, बाकावरची मैत्रीण, गॅदरिंग, वेगळ्या आडनावाच्या मुलींचा डबा, हे सगळं १७ नंबरच्या फॉर्ममध्ये येत नाही. अब्बांनी चुकीचं केलं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण त्यांच्या हाती कारण कोणी दिलं, तेही विचारायला हवं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आलेलं मूल फाटकावरून परत पाठवणाऱ्या संस्थेला किती ठेवायचा हे त्यांना ठरवावं लागलं नाही, कारण असं काही होईल हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

आता त्या समितीचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अल्पसंख्याक शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते, आणि विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाकडे जावं लागतं, पण महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत गणवेशाचा रंग, कापड, शिलाई हे आता पुन्हा हीच समिती ठरवते. आमच्याकडे या सभांना आया येत नाहीत. आल्या तरी मागच्या बाकावर बसतात आणि सही करून जातात. या वेळी जरा पुढे बसा. कापडाचा ठराव होतो तेव्हा त्यात ओढणीचं कापडही लिहून घ्या, गणवेशाच्याच रंगाचं, त्याच तागातलं, आणि पुढे एक ओळ : जिला खांद्यावर घ्यायची तिने खांद्यावर, जिला डोक्यावर घ्यायची तिने डोक्यावर, चेहरा उघडा. शाळेने अमुकच दुकानातून घ्या म्हटलं तर तेही त्याच सभेत विचारा, तशी सक्ती करता येत नाही. आणि हेम चार बोटं सोडायला सांगा. तो अजूनही कोणी आपणहून सोडत नाही.